श्वासपेटीची हजेरी

मिहिकाला झोपू द्यायचं नव्हतं.

दुपारचे दोन वाजले होते. पोटात वरणभात गेलेला, वय साडेचार वर्षांचं, आणि बाहेर जळगावचं ऊन. दसरा तोंडावर आला तरी ते वैशाखातलंच होतं. आता वर्षातले दहा महिने ते तसंच असायचं. अशा वेळी लेकराला जागं ठेवणं म्हणजे उताराला लागलेली गाडी हाताने धरण्यासारखं. हेमांगीने मिहिकाला कडेवर घेतलं होतं, तिच्या मुठीत बर्फाचा खडा दिला होता आणि तिला उलटे आकडे म्हणायला लावलं होतं.

"मम्मी, डोळे आपोआप मिटताहेत."

"त्यांना सांग, थांबा म्हणावं. अट्टार मॅडम येताहेत, तोवर थांबा."

"ऐकत नाहीत गं ते."

हेमांगीच्या खांदा आणि कानाच्या मधे फोन धरलेला होता. पलीकडून कंपनीच्या मदतकेंद्राचा आवाज येत होता, आणि तो अतिशय गोड होता.

"मॅडम, आपला परवाना जोडणीदार प्रकारचा आहे. या प्रकारात सर्व साहाय्य जोडणीदाराकडूनच मिळतं. कृपया आपल्या जोडणीदाराशी संपर्क साधा."

"मीच आहे जोडणीदार."

"धन्यवाद. मग वापरकर्त्याने आपल्याशी संपर्क साधावा."

"वापरकर्ती माझी मुलगी आहे! माझ्या कडेवर बसलीये. आणखी किती संपर्क साधेल ती?"

"उत्तम. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

हेमांगीने फोन ओट्यावर टाकला. मिहिकाचं डोकं तिच्या खांद्यावर जड होत चाललं होतं. हेमांगीने तिच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. मिहिका हसली, पण ते हसणंही पेंगुळलेलं होतं.

मिहिकाला जन्मापासून एकच गोष्ट येत नव्हती: झोपेत श्वास घेणं. जागेपणी ती चारचौघांसारखी होती. धावायची, भांडायची, शेजारच्या दाराशी जाऊन मोठ्याने गाणी म्हणायची. पण आपल्या सगळ्यांच्या मेंदूच्या तळाशी जो एक लहानसा भाग, आपण झोपलो तरी, न सांगता श्वासाचं काम चालू ठेवतो, तो भाग तिच्यात मुकाच होता. डोळा लागला की छाती हलायची थांबायची. अशा मुलांसाठी श्वासपेटी होती. मानेतून एक नस खाली छातीच्या पडद्याकडे जाते. तो पडदा खाली ओढला गेला की हवा आत येते. त्या नसेभोवती एक बारीक कडी बसवायची. झोपेत पेटी त्या कडीतून विजेचे हलके ठोके द्यायची आणि पडदा हलवायची. त्याच कडीतून ती नस काय बोलते तेही ऐकायची, आणि ऐकून पुढचा ठोका ठरवायची. मूल कुशीवर वळलं की वेगळा ठोका, स्वप्नात असलं की वेगळा. हे सगळं शिकायला पेटीला साधारण वर्ष लागायचं, आणि एका मुलावर शिकलेलं दुसऱ्याला चालायचं नाही.

तयार पेट्या हॉस्पिटलांकडे होत्या, पण मोजक्या. मिहिकाची पाळी यायची तोवर ती शाळेत गेली असती, आणि मधली वर्षं गळ्याला भोक पाडून, त्यात नळी घालून, मशीनच्या हवेवर काढावी लागली असती. नळी असली की आवाज फुटत नाही. मिहिकाचं पहिलं वर्ष तसंच गेलं होतं. ती रडायची तेव्हा फक्त तोंड उघडलेलं दिसायचं. हेमांगी दुसऱ्या खोलीत असली तर लेकरू रडतंय हेही तिला कळायचं नाही.

त्याच सुमाराला कायदा सैल झाला. ज्याला जमेल त्याने सुटे भाग आणून घरी पेटी जोडावी, तिच्यावर चालणारी यंत्रप्रणाली कंपनी 'जोडणीदार परवान्या'वर देईल. लग्नाआधी हेमांगी एका दुकानात कॉम्प्युटर जोडायचं काम करत होती. तिने जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि बोर्ड, प्रोसेसर, मेमरी, पंखा असं एकेक जोडत पेटी उभी केली. परवान्याच्या अटी साध्या होत्या. ज्या यंत्रावर तो पहिल्यांदा चढेल त्या यंत्राचाच तो. ते यंत्र गेलं की परवानाही गेला. आणि पुढे काही बिघडलं तर जबाबदारी कंपनीची नाही, ज्याने जोडलं त्याची. तिने 'मान्य' दाबलं. कोणत्या आईने दाबलं नसतं?

पेटी शिकली, गळ्यातली नळी निघाली, मिहिकाला आवाज फुटला. पुढची तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. आणि आज सकाळपासून पेटीच्या पडद्यावर एकच वाक्य होतं: हे यंत्र ओळखीचं नाही. सेवा बंद.

अट्टार मॅडम स्कूटरवरून आल्या त्या डोक्याला ओला पंचा गुंडाळून. डॉ. शिरीन अट्टार. डिप्लोमाला हेमांगीला शिकवायला होत्या. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी अशाच परवान्यांमागच्या विज्ञानावर काम केलं होतं. त्यांच्या मागोमाग हेमांगीचा नवरा भूषण सिव्हिल हॉस्पिटलमधून मास्कचं मशीन घेऊन आला. नाकातोंडावर मास्क बसवून हवा दाबून भरायची, अशी ती तात्पुरती सोय. मास्क बसवला आणि मिहिका अर्ध्या मिनिटात झोपली. भूषण तिच्या उशाशी मास्कची पट्टी धरून बसून राहिला.

"घट्ट बांधला तर कातडी सोलते, सैल ठेवला तर हवा गळते," तो हळूच म्हणाला. "हॉस्पिटलवाले म्हणाले, चार-सहा दिवसांच्या वर नका भरवसा ठेवू."

अट्टार मॅडमनी पेटी उघडली. बोर्डावर बॅटरीचा झोत टाकून बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"हेमांगी, कळण्याच्या भाकरी थापतेस ना तू?"

"आई थापतात. मला तितक्या जमत नाहीत."

हेमांगीच्या सासूबाई दाराशी उभ्या होत्या. "तिच्या भाकरीचा नकाशा होतो," त्या म्हणाल्या. मग चेहऱ्यावर आलेलं हसू त्यांनीच घाईने पुसलं.

"बरं, तुमच्या घ्या. पीठ एक, हात एक, तवा एक. दोन भाकरी तंतोतंत सारख्या येतात का, आक्का?"

"कशा येतील? कड थोडी इकडं तिकडं होतेच."

"सिलिकॉनचं तसंच आहे. एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून लाखो चकत्या निघतात, पण प्रत्येकीच्या कडा केसभर वेगळ्या. कुठे वीज जरा लवकर पोचते, कुठे जरा उशिरा. आम्ही त्या कडांवरून भाकरी ओळखायला शिकलो. त्याला आम्ही ठसा म्हणायचो. तो चोरता येत नाही, त्याची नक्कलही होत नाही, कारण तो कुणी लिहिलेलाच नसतो. परवाना त्या ठशाला बांधलेला असतो."

"पण ठसा तर तोच आहे, मॅडम. बोर्ड तोच आहे."

"ठसा कायम तोच राहत नाही. चकती म्हातारी होते, आणि आपल्याकडच्या उन्हात जरा लवकरच होते. म्हणून यंत्र रोज संध्याकाळी, आणि बंद करून चालू केलं तरी, हजेरी घेतं. आपल्या सगळ्या भागांचे ठसे घेतं आणि कालच्याशी ताडून बघतं. ओळख पटते ती मुख्य भागावरून, म्हणजे बोर्डावरून. फरक थोडका असला तर आजचा ठसा ठेवून घेतं आणि कालचा टाकून देतं. उद्याची तुलना आजच्याशी."

"म्हणजे पहिल्या दिवशीचा ठसा?"

"कुठेच नाही. यंत्राला पहिला दिवस आठवत नाही, फक्त काल आठवतो. आपलं नाही का होत? लेकरू रोज डोळ्यांसमोर असतं, वाढलेलं कळतच नाही. सहा महिन्यांनी मामा येतो आणि म्हणतो, अरे बापरे, केवढी झाली! यंत्राला हा मामा चालत नाही. हळूहळू कितीही बदला, पण एकदम बदललात की तुम्ही परके." त्यांनी बॅटरी बंद केली. "काल संध्याकाळची हजेरी लागली होती. आज सकाळी ओळख नाही. मधे काय केलंस?"

"काहीच नाही. परवा खंडेनवमी म्हणून आत्ताच साफसफाई काढली होती. धूळ बसली होती, तर उघडून स्पिरिटने पुसला बोर्ड."

"नुसती धूळ होती?"

कचऱ्याच्या डब्यात सकाळचे कापसाचे बोळे तसेच होते. सासूबाईंनी वाकून त्यातला एक उचलला. तो लाल झालेला होता.

पेटी जोडून झाली तो दिवस खंडेनवमीचा होता. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं आणि यंत्रं पाटावर मांडायची आणि त्यांना हळदकुंकू वाहायचं. विळी, हातोडी, शिलाई मशीन, भूषणची स्कूटर, सगळ्यांची पूजा झाली आणि सासूबाई टेबलाशी आल्या. बोर्ड उघडाच होता. हेमांगी स्क्रू आणायला उठली तेवढ्यात त्यांनी बोट पाण्यात बुडवून कुंकवाची पाच बोटं त्याच्यावर उमटवली होती.

"आई! उघड्या बोर्डावर?"

"मंग काय डब्याची पूजा करू? जे काम करनार त्याले लावाचं असतं वं."

हेमांगीने बोर्ड तिरका करून, फिरवून पाहिला. पिनांना काही लागल्यासारखं दिसलं नाही. पुसायला तिचं मन होईना. ज्या हातांनी मिहिकाला नळीसकट न्हाऊ घातलं होतं, त्या हातांची बोटं होती ती. तिने झाकण लावलं, बटण दाबलं आणि परवाना चढवला. मात्र ओलं कुंकू चिपच्या पायांत झिरपलं होतं आणि तिथेच वाळलं होतं. कुंकवातून वीज अगदी नावापुरती वाहते. पण ठसा बनतो तो असल्या नावापुरत्या गोष्टींचाच. पेटीने पहिल्या दिवशी स्वतःला ओळखलं ते कुंकवासकट.

"मंग परत लावते," सासूबाई म्हणाल्या. "करंडा तोच हाय. बोट बी तेच."

अट्टार मॅडमना नाही म्हणवेना. सासूबाईंनी हात धुतले, देवाला नमस्कार केला, आणि जिथे जिथे फिकट लाल सावली उरली होती तिथे तिथे, श्वास रोखून, पाच बोटं टेकवली. हेमांगीने बटण दाबलं.

हे यंत्र ओळखीचं नाही.

"आक्का, तुमच्या बोटाने झाला होता तसा ठसा जगात दुसरा नाही," अट्टार मॅडम म्हणाल्या. "तुम्हालासुद्धा पुन्हा करता यायचा नाही."

सासूबाई खाली बसल्या. "माह्या हातानं झालं का वं हे?"

"नाही, आई," हेमांगी म्हणाली. "लावल्याने नाही झालं. पुसल्याने झालं."

तिसऱ्या दिवशी मिहिकाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंची कातडी सोलून निघाली. हॉस्पिटलने सांगितलं, आता नळी घालावी लागेल. पुन्हा यादीत नाव, पुन्हा नवी पेटी, ती शिकेपर्यंत पुढचं वर्ष. मिहिका मास्कच्या खुणांवर मलम लावून घेत घेत गाणं म्हणत होती, आणि हेमांगी ते गाणं कानात साठवल्यासारखी ऐकत होती.

"एक वाट आहे," अट्टार मॅडम म्हणाल्या. त्या गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली उभ्या होत्या. "मला ती आवडत नाही, पण तुला न सांगणंही बरोबर नाही. मुख्य भाग सदोष निघाला तर जोडणीदाराला एकदा, फक्त एकदाच, दुसरा मुख्य भाग नेमता येतो. मग हजेरी त्याच्यावरून लागते. अट एवढीच, तो भाग पहिल्या दिवसापासून यंत्रात असला पाहिजे."

"मेमरी गेल्या वर्षी बदलली मी. डिस्क त्याआधी."

"हो. पहिल्या दिवसापासूनचं आता एकच उरलंय."

हेमांगीला समजायला थोडा वेळ लागला. तिने आत पाहिलं. मिहिका भूषणच्या गुडघ्यावर बसून त्याच्या नाकालाही मलम फासत होती.

"कडी?"

"कडी म्हणजे नुसती तार. तिच्यातून पेटीला जे ऐकू येतं ते. मिहिकाच्या नसेत सतत एक बारीक गुणगुण चालू असते, आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. पेटी तिचाही ठसा घेत आलीये, रोज, पहिल्या दिवसापासून. तू पेटीला भाग जोडलेस आणि मुलगीही जोडलीस. पेटीला त्यातला फरक कळत नाही."

"मग यात न आवडण्यासारखं काय आहे?"

"तो नियम सिलिकॉनसाठी केलाय, हेमांगी. काल आणि आज यांच्यात फार अंतर पडलेलं त्याला चालत नाही."

"ती लेकरू आहे. ती वाढणारच."

"वाढणं हळू असतं. त्याची काळजी नाही मला."

"मग कशाची?"

अट्टार मॅडमनी दोरीवरचा मिहिकाचा फ्रॉक उगाचच सरळ केला. "मला नीट सांगता येत नाही. सांगता आलं असतं तर अडवलं असतं तुला."

हेमांगीने त्याच दुपारी बदल केला. पडद्यावर आलं: मुख्य भाग नोंदवला. हा बदल पुन्हा करता येणार नाही. मग हिरवा दिवा लागला. मिहिका मास्कविना झोपली. हेमांगी तिच्या पोटावर तळहात ठेवून बसली, आणि तो तळहात वर उचलला गेला, खाली आला, पुन्हा वर उचलला गेला. सासूबाईंनी लांबूनच हात जोडले. पेटीजवळ यायला त्यांना धीर होत नव्हता.

पहिले काही आठवडे कुणाला काही जाणवलं नाही. संध्याकाळी पेटी हजेरी घ्यायची आणि कालचा-आजचा फरक एका आकड्यात दाखवायची. आकडा बोर्डाच्या वेळेपेक्षा जरा मोठा यायचा, पण मर्यादेच्या आत.

मग हेमांगीच्या बहिणीची हळद आली. मिहिकाने मावसभावंडांबरोबर दिवसभर धुडगूस घातला, ढोलावर नाचली, पिवळी होऊन निघाली, आणि गाडीतच पेंगायला लागली. घरी पेटीने दाखवलं: फरक मर्यादेबाहेर. नकार पहिला.

पुन्हा तो बर्फ, पुन्हा उलटे आकडे. दोन तास तिला शांत बसवून ठेवल्यावर हजेरी लागली.

"नसेची गुणगुण म्हणजे काय असतं?" अट्टार मॅडम फोनवर म्हणाल्या. "दिवसभर झालेलं सगळं. पळाली, घाबरली, खूप हसली, ताप आला, सगळ्याचा शिल्लक थर."

"मर्यादा थोडी वाढवता नाही येणार?"

"ती वाढवली तर कुठलंही यंत्र कुणाच्याही परवान्यावर चालेल. मर्यादा म्हणजेच परवाना, बाळा. आणि एक लक्षात ठेव. लागोपाठ तीन नकार आले की यंत्र चोरीचं धरलं जातं. मग मीसुद्धा ते उघडू शकत नाही."

त्यानंतर त्या घराने हळू चालायला सुरुवात केली. कुणी ठरवून नाही. आधी गॅलरीतला झोका काढला, कारण झोक्याच्या दिवशी आकडा वर जायचा. मग शेजारची मुलं एका वेळी एकच यायला लागली. ताप येऊ नये म्हणून पाण्यातलं खेळणं बंद झालं, भीती वाटू नये म्हणून गोष्टींतले राक्षस गेले, आणि राक्षस गेल्यावर गोष्टींत काही उरेना म्हणून गोष्टीही गेल्या. पाचवा वाढदिवस त्यांनी आठवडाभर केला. पहिल्या दिवशी नुसते फुगे, तेही दोन. दुसऱ्या दिवशी टोपी. केक चौथ्या दिवशी. नवा फ्रॉक शेवटी, आणि तोही जुन्याच रंगाचा.

भूषण केळीच्या निर्यातीत होता, फळ पिकवायच्या चेंबरवर. कच्ची केळी तिथे ठरलेल्या थंडाव्यात ठेवायची, अर्ध्या अंशाचा फरक झाला तरी माल बिघडतो. एकदा मिहिकाने चेंडूमागे धाव घेतली आणि हेमांगीने तिला वाटेतच अलगद उचलून घेतलं, तेव्हा त्याला राहवलं नाही.

"अगं, केळीलासुद्धा मी इतकं जपत नाही!"

"केळी मरत नाहीत, भूषण."

"खराब होतात ना."

"मग सांग ना, काय करू? सोडू का तिला पळायला? आज संध्याकाळी पुन्हा नकार आला तर उद्या तू बसशील तिला जागवत?"

भूषणने चेंडू उचलला आणि माळ्यावर ठेवला. मिहिकाने वर बघितलं. ती रडली नाही. रडण्यानेही आकडा वर जातो, हे तिने कुणाच्या तरी बोलण्यातून ऐकलं होतं.

अट्टार मॅडम अधूनमधून यायच्या. एका भेटीत त्यांनी मिहिकासाठी रंगीत खडू आणले. मिहिकाने त्यातला फक्त निळा काढून घेतला, बाकीचे नीट डब्यात परत ठेवले आणि म्हणाली, "हे पुढच्या आठवड्यात."

अट्टार मॅडमनी चहा अर्धाच ठेवला. "हेमांगी, नळीची वाट अजून बंद झालेली नाही. एक वर्ष. मग नवी पेटी, नवा परवाना, हजेरी पुन्हा बोर्डाची. पोरगी मोकळी होईल."

"त्या वर्षात तिला काही झालं तर?"

"बरीच मुलं नीट निघतात त्यातून."

"बरीच म्हणजे सगळी नाहीत."

"नाही. सगळी नाहीत."

"तुम्ही काय केलं असतं, मॅडम? खरं सांगा."

"मला मूल नाही," त्या म्हणाल्या. मग कप बाजूला सारत, "मी ठसा शोधला तेव्हा मला वाटलं होतं, न बदलणारी वस्तू ओळखायचं साधन मिळालं. बदलणाऱ्यांना ते बदलू देणार नाही, हे सुचलंच नाही कधी."

हेमांगी म्हणाली, पुढच्या महिन्यात ठरवते. ती खोटं बोलत नव्हती. नळी घातलेलं लेकरू तिला स्वप्नात दिसायचं, उघडं तोंड, आवाज नाही. आणि जागेपणी समोर हे लेकरू दिसायचं, भिंतीशी बसून एकाच निळ्या खडूने एकच घर काढणारं. दोघींतली कोणती निवडायची हे तिला कळत नव्हतं. पुढच्या महिन्यात ती पुन्हा म्हणाली, पुढच्या महिन्यात. आकडे मात्र सुधारत होते. कितीतरी दिवसांत एकही नकार आला नव्हता. आणि नकार येत नाहीत म्हटल्यावर ठरवायची घाईही हळूहळू कमी होत गेली.

मधे भूषण माल घेऊन बंदरावर गेला. जहाजं अडकली म्हणून महिनाभर तिकडेच राहिला. तो रोज फोन करायचा, पण थोडाच वेळ, आणि आवाज चढू न देता. तो परत आला ते एका संध्याकाळी, ऊन उतरताना. फाटक उघडून, पिशव्या तिथेच टाकून, तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने दोन्ही हात पसरले. आपण काय करतोय हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. हेमांगी आतून धावत आली.

धावायची गरज नव्हती. मिहिका पायरीवर उभी होती. तिने बापाकडे पाहिलं. तिच्या ओठांचे कोपरे वर जायला लागले. हेमांगीच्या डोळ्यांदेखत तिने ते मधेच थांबवले, पाण्याची घागर काठोकाठ भरायच्या आत नळ बंद करावा तसे, आणि एक लांब, सावकाश श्वास घेतला. मग ती एक पायरी उतरली.

"आज एवढंच हसते हं, पप्पा," ती म्हणाली. "उद्या थोडं जास्त. परवा जवळ येईन. पळत यायला रविवार उजाडेल."

भूषणने हात हळूहळू खाली घेतले. "हे कुणी शिकवलं हिला?"

"मी नाही," हेमांगी म्हणाली. आणि ते खरं होतं.

"मीच शिकले," मिहिका म्हणाली. "सोपं असतं. कालची मी कशी होते ते आठवायचं आणि तसंच राहायचं."

तिने पायरीवरच बसकण मारली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, काल याच वेळी ठेवले होते तसे. आत सासूबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. तिघंही तिच्याभोवती जपून वावरले, भांड्याला भांडं लागू न देता.

दिवेलागणीला पेटीने हजेरी घेतली. हिरवा दिवा लागला. हेमांगीने सवयीने आकडा पाहिला, मग वाकून पुन्हा पाहिला. ज्या दिवशी महिनाभराने बाप दारात आला होता त्या दिवशीचा फरक इतका लहान होता, की बोर्ड कोरा करकरीत होता तेव्हाही पेटीने तेवढा लहान आकडा कधी दाखवला नव्हता.